क्रेडिट कार्डाचं बॅलन्स ट्रान्सफर: व्याज खरंच वाचतं का? (थकबाकी १.४० लाख, सल्ला हवा)

पाऊलवाट (चिंचवड)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज अडलो आहे म्हणून धागा काढतोय.

मार्चमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. मेडिक्लेम होता, पण घेतलेल्या खोलीचं भाडं पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि त्या प्रमाणात सगळ्याच बिलाला कात्री लागली. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभं राहून दीड लाख कार्डावर भरले. आई आता जिना चढते, त्यामुळे त्या खर्चाबद्दल मनात काही नाही. पण त्यानंतर जे सुरू झालंय ते झोप उडवणारं आहे.

कार्डाचा दर महिना ३.६%. सहा महिने न चुकता आठ-आठ हजार भरले, म्हणजे ४८,०००. या काळात कार्ड एकदाही वापरलं नाही. तरी थकबाकी जेमतेम १,४०,००० वर आलीय. मला वाटलं होतं बँकेची काहीतरी चूक असेल. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: हिशेब बरोबर आहे.

आता माझ्या दुसऱ्या कार्डाच्या बँकेकडून बॅलन्स ट्रान्सफरची ऑफर आलीय, म्हणजे या कार्डाची थकबाकी त्या कार्डावर न्यायची, १,००,००० पर्यंत. दोन पर्याय आहेत. एक, ६० दिवस ०% व्याज, प्रक्रिया शुल्क २%. दोन, १२ महिन्यांचे हप्ते, महिना १.२५%, शुल्क तेच २%. दिवाळीचा बोनस साधारण तीस हजार येईल. ओव्हरटाइम बंद आहे.

कुणी हे केलंय का? आगीतून फुफाट्यात तर जाणार नाही ना?

ठाणेकरीण

दादा, आधी आईंना बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. मी हे केलंय, सविस्तर रात्री लिहिते. तोपर्यंत एक करा: ड्यू डेट जवळ असेल तर ट्रान्सफरच्या भरवशावर राहू नका, किमान रक्कम भरून टाका. माझ्या वेळी पैसे जुन्या कार्डावर जमा व्हायला सहा दिवस लागले, मधे शनिवार-रविवार आले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच विलंब शुल्क लावता येतं, पण ते तीन दिवससुद्धा निघून गेले असते.

खतावणी (सांगली)

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही कर्ज विभागात. तुमचा हिशेब मांडतो. फोनवर "बरोबर आहे" एवढंच सांगून कुणाचं समाधान होत नसतं.

३.६% वर १८% जीएसटी लागतो. म्हणजे महिन्याला प्रत्यक्षात ४.२४८%, वर्षाला सरळ गुणाकारानेच जवळजवळ ५१%. १,४०,००० वर महिन्याचं व्याज ५,०४० आणि जीएसटी ९०७, मिळून ५,९४७. तुम्ही आठ हजार भरलेत की त्यातले ५,९४७ इथेच संपतात आणि मुद्दलातून जातात फक्त २,०५३. दिवसाचा हिशेब हवा असेल तर रोजचे १९६ रुपये. सुट्टी नाही, रविवार नाही.

असेच आठ हजार भरत राहिलात आणि कार्डावर एक रुपयाही नवा चढवला नाहीत, तर फिटायला सुमारे ३३ महिने लागतील आणि व्याज-जीएसटीपोटी १,२१,००० च्या वर जातील. दीड लाखाच्या दुखण्याला जवळजवळ तेवढंच व्याज.

आता तुमच्या ऑफर्स. तुलनेसाठी दोन्हीकडे १,००,००० धरतो.

६० दिवसांची "शून्य टक्के": शुल्क २,००० आणि त्यावर जीएसटी ३६०. दोन महिन्यांसाठी २.३६% म्हणजे वर्षाला १४% झाले. शून्य नाही, पण जुन्या कार्डावर त्याच दोन महिन्यांत ८,५०० च्या आसपास गेले असते. सहा हजार वाचतात. प्रश्न एकसष्टाव्या दिवसाचा आहे. तोवर लाख रुपये तुमच्या हातात येणार आहेत का? बोनस तीस हजार. उरलेल्या सत्तर हजारांवर दुसऱ्या कार्डाचा नेहमीचा दर सुरू होईल, म्हणजे तोच खड्डा, फक्त दुसऱ्या बँकेत.

१२ हप्त्यांचा पर्याय: १.२५% दराने हप्ता ९,०२६. वर्षभरात व्याज ८,३१०, त्यावर जीएसटी १,४९६, शुल्क २,३६०. एकूण खर्च १२,१६६. सगळं धरून खरा दर वर्षाला २२% पडतो, जाहिरातीत १५% दिसतो तरी. हेच लाख रुपये जुन्या कार्डावर १२ महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे म्हटले तर महिना १०,८०९ भरावे लागतील आणि व्याज २९,७०९ होईल. म्हणजे साडेसतरा हजार वाचतात. ही रक्कम लहान नाही.

पण ९,०२६ चा हप्ता आणि शिवाय मागे राहिलेले ४०,००० अजून ३.६% वर. तुम्ही आज आठ हजार भरताय. जमणार आहे का?

पाऊलवाट

काका, रोजचे १९६ वाचून पोटात गोळाच आला. मी रोज डबा नेतो, बसचा पास काढतो, आणि इकडे हे चालू आहे.

९,०२६ ओढूनताणून जमेल. चाळीस हजारांपैकी तीस बोनसमधून जातील. तरी तोपर्यंत दीड महिना आहे.

फिरतीवर

मी तीन कार्डांवर बीटी (बॅलन्स ट्रान्सफर) फिरवत दोन वर्षं काढलीत. ६० दिवस संपत आले की पुढच्या कार्डावर. मधे भाडं भरायच्या ॲपवरून कार्ड वापरून पैसे खात्यात घेतले. व्याज जवळजवळ भरलंच नाही. थोडं डोकं लावलं तर जमतं.

खतावणी (सांगली)

@फिरतीवर, रागावू नका, पण आकडे बघू. दर दोन महिन्यांनी २.३६% म्हणजे वर्षात सहा वेळा. लाखावर १४,१६० गेले आणि मुद्दल जागच्या जागी. दोन वर्षांत २८,३२०. त्यात ॲपचं शुल्क वेगळं. आणि ही साखळी पुढची बँक "हो" म्हणते तोवरच चालते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्ड-थकबाकीवरचं जोखीम-वजन, म्हणजे अशा उधारीसाठी बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारं माप, १२५% वरून १५०% केलं. अशा वेळी बँका हात आखडतात, आणि ऑफर ज्या महिन्यात बंद होईल त्याच महिन्यात सगळं अंगावर येतं. तुमच्याकडे तशी वेळ आली तर किती दिवसांत फेडू शकाल, हे एकदा कागदावर लिहून बघा. मी काळजीने सांगतोय.

ठाणेकरीण

सांगितल्याप्रमाणे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझी ८०,००० ची थकबाकी होती. बीटी केलं, नऊ महिन्यांचे हप्ते. हिशेबात व्याज वाचलं, त्यात खोट नव्हती. पण दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली. ट्रान्सफर झाल्यावर जुनं कार्ड शून्यावर आलं असं समजून मी ते विसरले. पुढच्या स्टेटमेंटला १,६०० च्या आसपास रक्कम आली. स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतचं ते व्याज होतं. मी मेल उघडलाच नाही. त्यावर विलंब शुल्क लागलं, आणि क्रेडिट स्कोअर घसरला तो वर्षभर त्रास देत राहिला. म्हणून दादा, जुन्या कार्डाची सलग दोन स्टेटमेंट शून्याची दिसेपर्यंत ते डोळ्याआड करू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जुन्या कार्डावर ऐंशी हजारांची मर्यादा मोकळी झाली. मी उधळ्या स्वभावाची नाही. पण नवरात्रात फ्रिज बंद पडला, तो त्या कार्डावर घेतला. मग मुलीची क्लासची फी. मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एकही खर्च चैनीचा नव्हता. सातव्या महिन्यात बघते तर जुन्या कार्डावर पुन्हा ५५,०००, आणि इकडे बीटीचे दोन हप्ते बाकी. आजही त्यातले काही फेडतेय. बीटी करताना त्याच दिवशी मी जुन्या कार्डाची मर्यादा कमी करून घ्यायला हवी होती. ॲपमध्ये सोय असते, नाहीतर लेखी अर्ज द्यायचा. कार्ड बंदच करायचं असेल तर सगळी बाकी भरल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे.

मांडवीकाठ (पणजी)

एक सावधगिरीची गोष्ट. बीटीच्या नावाने येणारे फोन. माझ्या बहिणीला आला होता: "मॅडम, तुमची अमुक कार्डाची थकबाकी आम्ही शून्य टक्क्यावर घेतो, आता जो ओटीपी येईल तो सांगा." त्याला थकबाकीचा साधारण आकडाही माहीत होता, म्हणून तिचा विश्वास बसला. एका ओटीपीत ३८,००० ची खरेदी झाली.

खऱ्या बीटीला नव्या बँकेला फक्त जुन्या कार्डाचा क्रमांक आणि त्या बँकेचा आयएफएससी लागतो, कारण पैसे एनईएफटीने त्या कार्डावर जमा करायचे असतात. जुन्या कार्डाचा सीव्हीव्ही आणि ओटीपी कुणालाच लागत नाही. अर्ज नव्या बँकेच्या ॲपमधून स्वतः करायचा. असं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

एडिसनकट्टा (न्यू जर्सी)

इथल्या बीटीबद्दल लिहिते, कारण यूट्यूबवरचे बरेच सल्ले अमेरिकेतल्या कार्डांचे असतात आणि भारतातले लोक ते तसेच धरून चालतात.

मी इथे नवीन आले तेव्हा दातांच्या कामाचे ६,००० डॉलर अंगावर आले होते. १५ महिन्यांची ०% ऑफर घेतली. शुल्क ३%, म्हणजे १८० डॉलर, त्यापलीकडे काही नाही. महिना ४१२ डॉलर ऑटो-पे लावला आणि पंधराव्या महिन्यात शून्य. इथे वर्ष-दीड वर्षाच्या शून्य टक्के ऑफर सहज मिळतात, म्हणून फेडायला खरंच उसंत मिळते. शिवाय इथल्या २००९ च्या कार्ड कायद्यानुसार अशी सवलत निदान सहा महिने तरी द्यावी लागते, आणि किमान रकमेच्या वर जे भराल ते आधी सर्वांत महाग दराच्या थकबाकीत जमा करावं लागतं.

पाऊलवाट यांच्या ऑफरला शून्य टक्के साठच दिवस. नाव एक, पण वस्तू वेगळी आहे. एक गोष्ट मात्र इथेही तीच: बीटी असलेल्या कार्डावर नवी खरेदी करायची नाही. मी ते कार्ड मिळाल्या दिवशी कपाटात ठेवलं.

खतावणी (सांगली)

@एडिसनकट्टा, फार उपयोगी लिहिलंत. आपल्याकडे भरलेले पैसे कुठल्या क्रमाने वळते होतात ते त्या कार्डाच्या अटींच्या पत्रकात, म्हणजे एमआयटीसीत, लिहिलेलं असतं. माझ्या कार्डाच्या पत्रकात आधी कर, मग हप्ते, मग शुल्क आणि व्याज, मग बीटी, मग खरेदी, सगळ्यात शेवटी रोख उचल असा क्रम आहे. म्हणजे स्वस्त बीटी आधी फिटतं आणि महाग खरेदी मागे राहते. ग्राहकाच्या दृष्टीने उलटंच. पत्रक लांबलचक असतं, पण एवढा एक परिच्छेद तरी शोधून वाचावा.

प्रश्नचिन्ह

पण ५१% हे कायदेशीर कसं? ३०% ची मर्यादा आहे असं ऐकलं होतं.

खतावणी (सांगली)

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता: वर्षाला ३०% पेक्षा जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे आज तशी मर्यादा नाही. २०२२ च्या निर्देशांनी एवढं केलं की न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही, आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास काय होतं याचा इशारा स्टेटमेंटवर छापावा लागतो. तो इशारा बारीक अक्षरात असतो, पण असतो.

पंचगंगा (कोल्हापूर)

पाऊलवाट भावा, एक विचारू? कंपनीत पगारदार नोकरांची पतसंस्था आहे काय? मी आमच्या कारखान्याच्या संस्थेचा दहा वर्षं सचिव आहे. चिंचवडच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांत असतेच. पगारपत्रकात "सोसायटी" म्हणून दोन-चारशे कापले जात असतील तर तू सभासद आहेस.

पाऊलवाट

हो, दरमहा ५०० कापतात. सात वर्षं झाली. दिवाळीला लाभांश आणि एखादी भेटवस्तू मिळते. कर्ज कधी घेतलं नाही. दर विचारला नव्हता, आत्ता ग्रुपवर विचारला: ११%, घटत्या शिल्लकीवर, दोन जामीनदार.

पंचगंगा (कोल्हापूर)

मग तू दोन बँकांच्या मधे कशाला धावतोयस! तुझाच पैसा तिथं पडलाय. आमच्याकडं लग्न, घरदुरुस्ती, पोरांची फी यासाठी लोक येतात, पण कार्डाची बाकी फेडायला म्हणून कुणी येत नाही. लाज वाटती. मागल्या वर्षी एकजण आला तेव्हा त्याची तीन कार्डं मिळून पगाराच्या नऊपट झालं होतं. सहा महिने आधी आला असता तर सगळं एका कर्जात बसलं असतं. लई वाईट वाटलं. तू उद्याच अर्ज दे.

खतावणी (सांगली)

पंचगंगा यांनी नेमकी नस पकडली. मी बँकेतला माणूस असून माझ्या डोक्यात पतसंस्था आली नाही.

१,४०,०००, ११%, १८ महिने. हप्ता ८,४७३. एकूण व्याज साधारण १२,५००. आणि इथे जीएसटी नाही. कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे, पण त्या सूटीतून क्रेडिट कार्डाचं व्याज वगळलेलं आहे. बीटीचा हप्ता कार्डावरच चालतो, म्हणून त्याच्या व्याजावर १८% लागतो. दर विचारताना लोक हा भाग धरत नाहीत.

बघा, आठ हजार तुम्ही आजही भरताय. त्यात पावणेपाचशे घातले की दीड वर्षात पूर्ण १,४०,००० संपतात, मागे ४०,००० ची शेपूट राहत नाही, आणि दुसऱ्या कार्डाची मर्यादा घरच्या अडीअडचणीला मोकळी राहते. बीटीत लाखासाठीच १२,१६६ जात होते.

ज्यांना पतसंस्था नाही त्यांनी मुदत ठेवीवर कर्ज, सोनेतारण, मग वैयक्तिक कर्ज, या क्रमाने दर विचारावेत. ते काहीच नसेल आणि ठरलेल्या मुदतीत पैसे नक्की येणार असतील, तेव्हा बीटी. ते वाईट नाही, पण त्याची जागा तेवढीच आहे.

पाऊलवाट

काका, पंचगंगा, खरंच आभार. अर्ज दिला. संचालक मंडळाची बैठक दहा दिवसांनी आहे. तोवर बीटी करून ठेवू का? रोजचे १९६ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

खतावणी (सांगली)

नको. दहा दिवसांचं लाखावरचं व्याज जीएसटीसह १,४०० च्या आत. बीटीचं शुल्क २,३६०, आणि हप्त्यांचं बीटी मुदतीआधी बंद केलं तर आणखी शुल्क लागू शकतं. दहा दिवस थांबा.

प्रश्नचिन्ह

माझा एक मित्र म्हणतो थोडं थकवायचं, मग बँक स्वतःच अर्ध्यात सेटलमेंट करते. त्यापेक्षा हे बरं का?

खतावणी (सांगली)

जो खरोखर बुडालाय, ज्याची नोकरी गेलीय, त्याच्यासाठी तो मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण भरू शकणाऱ्याने मुद्दाम थकवू नये. "सेटल्ड" हा शेरा क्रेडिट अहवालात अनेक वर्षं राहतो आणि उद्या घराच्या कर्जाच्या वेळी आडवा येतो. क्रेडिट अहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, मित्राला एकदा तो काढून बघायला सांगा.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय. कर्ज मंजूर झालं. पतसंस्थेच्या भागांपोटी (शेअर्स) थोडी रक्कम कापली, ती बचतीतून भरून काढली. २४ तारखेला कार्डावर १,४०,००० भरले. त्याच संध्याकाळी कार्डाची मर्यादा दोन लाखांवरून तीस हजारांवर आणली.

ठाणेकरीणताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मीही अडकलो असतो. १२ तारखेच्या स्टेटमेंटपासून २४ पर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला आलं, २,३४६ रुपये. बारा दिवस गुणिले १९५.५०, काकांच्या हिशेबाप्रमाणे रुपयाला रुपया. लगेच भरलं. बोनसचे तीस हजार आता पतसंस्थेतच मुद्दलात भरणार आहे, मुदतपूर्व भरण्याला तिथे शुल्क नाही.

जामीनदार म्हणून कंपनीतले, माझ्याच शॉपमधले दोघं राहिले. मी कारण सांगितलं तेव्हा त्यातला एकजण थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, माझेही सत्तर हजार आहेत कार्डावर. त्याला हा धागा पाठवलाय.

ठाणेकरीण

किती छान! मी पण आज आमच्या ऑफिसच्या सोसायटीत विचारलं. माझे राहिलेले ३१,००० आहेत. जामीनदारांचे कागद काय काय लागले तुम्हाला?

पाऊलवाट

दोघांची तीन-तीन महिन्यांची पगारपत्रकं, ओळखपत्राची प्रत, आणि संस्थेच्या छापील अर्जावर सह्या. सह्या सचिवांसमोरच कराव्या लागतात, त्यामुळे दोघांची पाळी एकच असेल असा दिवस बघा. माझे तीन दिवस त्यातच गेले.